वरच्या ओठाची भज्जी

बाईंच्या एका हातात सुई असायची, दुसऱ्यात चिमटा, आणि तोंडात एकच प्रश्न. "हं, आज काय शिजवायचं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई त्यांच्या घरच्या स्वयंपाकाचं विचारून राहिल्यात. मी म्हणाले, "मला काय विचारता? टाका खिचडी." तेवढ्यात सुई हनुवटीत गेली, बाईंनी पायाखालचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की खालच्या बनियनच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला हातानंच परत पाठवलं. मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे म्हणाल्या, "खिचडी म्हणालीस ना? डाळ कोणती घेतलीस? तांदूळ धुतले का तसेच टाकले?"

"बाई, दुखतंय."

"ते मला माहीत हाय. मी डाळीचं विचारलं."

मला दाढी होती. आहे म्हणावं की होती, ह्यावर अजून जीभ अडखळते, पण सरळ सांगून टाकलेलं बरं. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी आणि बायकांमधली पहिली दाढीही माझीच. अहमदपूरजवळच्या खेड्यातून नांदेडला आले, एम.एस्सी. केमिस्ट्री केलं. आमची आत्या म्हणायची, लई शिकली की पोरगी बाप्यासारखी होते. मी आत्याला तोंडावर म्हणायचे, तुम्ही तर चौथीही केली नाही, मग तुमच्या मिशा कशा? मी तशी तोंडावर बोलणारी. गावात माझ्या ह्या गुणाचं कौतुक कमी आणि धास्ती जास्त.

नांदेडला मी एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, एका हॉलमध्ये खच्चून भरलेली. इलेक्ट्रोलिसिस हा माझा हातखंडा धडा. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एकीकडं क्लोरिन, दुसरीकडं हायड्रोजन आणि पाण्यात उरतो कॉस्टिक सोडा. केस कायमचा काढायचा म्हणजे हाच धडा केसाच्या मुळाशी गिरवायचा. घाम खारटच असतो, वीज सुईतून येते, सोडा तयार होतो आणि मूळ जळून जातं. हे मी फळ्यावर इतकं सुंदर काढते की पोरं फोटो घेतात. मला वाटायचं, ज्याला समीकरण येतं त्याला दुखत नसणार.

कोरोनाच्या दिवसांत सगळं जग मास्कला वैतागलं होतं, मी एकटी सुखात होते. मास्क गेले तशी मी ओढणीवर आले. सकाळी न चुकता वस्तरा, वर पावडर, आणि रस्त्यानं जाताना डोळ्यांपर्यंत ओढणी. आपल्याकडच्या उन्हात सगळ्याच पोरी तशा फिरतात म्हणून कोणी विचारत नव्हतं. मग क्लासच्या मालकांनी मागच्या बाकांसाठी कॅमेरा आणि भिंतीएवढा पडदा लावला. माझी हनुवटी त्या पडद्यावर ट्रॅक्टरच्या चाकाएवढी दिसायला लागली. सकाळचा वस्तरा दुपारपर्यंत टिकत नसे. एक दिवस बाथरूमच्या दाराबाहेर मी ऐकलं, एक पोरगी दुसरीला सांगून राहिली होती, "सकाळच्या बॅचला मॅडम, अन् दुपारच्या बॅचला सर."

आत्याला तोंडावर बोलणारी मी त्या दिवशी मागच्या जिन्यानं उतरले.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आधी लातूर गाठलं. एसी, चकचकीत फरशी, टीव्हीवर पोहणारे मासे. तिथली गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅडम, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त." मी शेतातली पोरगी, मुंगी कशी चावते ते मला कोणी सांगायचं? तिनं वरच्या ओठाला सुई लावली आणि मला कळलं की ह्या मुलीला आयुष्यात मुंगी चावलेली नाही. मी उठले ती थेट रस्त्यावर. ऑटोत बसल्यावर लक्षात आलं, चपला तिथंच माशांपुढं राहिल्या. परत जाऊन मागायची हिंमत झाली नाही. अनवाणी नांदेडला आले आणि स्वतःला बजावलं, आता दुसऱ्यांदा पळालीस तर ही ओढणी सरणावरच सुटायची.

मग एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि ह्या बाईंचा पत्ता सांगितला.

जुन्या बाजारातल्या एका बोळात बनियनचं दुकान होतं, बाईंच्या दिरांचं. त्याच्या वर बाईंची खोली. पाटी नाही, मासे नाहीत. मधोमध एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची, मान टेकायला तोच न्हाव्याचा टेकू. दाढी काढायला शेवटी दाढीच्याच खुर्चीत बसावं लागलं, ह्याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं. ते शेवटचं. खुर्चीच्या मागं फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यापलीकडं वाट बघत बसलेल्या बाया.

बाई साठीच्या पुढच्या, उदगीरकडच्या, लिंगायत. कपाळाला भस्म, गळ्यातलं लिंग पदरात खोचलेलं, डोक्याला पट्ट्यानं बांधलेला दिवा आणि डोळ्यांवर भिंग. समोरून बघितलं की रात्रीच्या एस.टी.सारख्या दिसायच्या. हैदराबादला कोणाकडं तरी त्या हे शिकल्या होत्या. सोमवारी मशीन बंद. काम चालू असताना पंखा बंद. प्रत्येकीची सुई वेगळी, समोर फोडलेली. चहा पिऊन आलीस तर परत पाठवणार, पाणी न पिता आलीस तरी परत पाठवणार. "तारीख जवळ आली की येऊ नकोस," असंही बजावायच्या, "त्या दिवसांत कातडी रडकी होते."

आणि नाव विचारायच्या नाहीत. गाव विचारायच्या. मी खुर्चीत बसले तशी 'अहमदपूर' झाले ती कायमची. "ए अहमदपूर, मान वर." पडद्यापलीकडं एक पोलीस खात्यातल्या बाई यायच्या, त्या 'उमरी'. चोराला कानाखाली वाजवणारी उमरी खुर्चीत बसली की "माय माय माय" करत असे. सगळी बाया-माणसं तिथं तालुक्याच्या नावानं ओरडायची, जणू बसस्टँडवरच बसलोय.

बाहेर मात्र बाई कोणालाच ओळखत नसत. एकदा साडीच्या दुकानात त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या, गादीवर, गुडघ्याला गुडघा. मी हसले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी दुकानातली उशी आहे, आणि जांभळी साडी उलगडायला लावली. मला राग आला. एवढी शिकलेली मी, हिच्या खुर्चीत रडते म्हणून ही मला ओळख देईना! पुढच्या रविवारी तसं बोलूनही दाखवलं. बाई चिमटा पुसत म्हणाल्या, "तुझ्या दुसऱ्या बाजूला कोण बसली होती?"

"सोबतच्या मॅडम."

"त्यांनी विचारलं असतं, ह्या कोण? तू काय सांगितलं असतंस?"

मी मान टेकूला लावली. बाईंनी बटण दाबलं.

तर स्वयंपाक. बाईंचं म्हणणं असं होतं, "दुखणं पाव्हण्यावानी हाय. त्याच्यापुढं बसून राहिलं की ते मुक्काम ठोकतं. आपण सैपाकात गुंतलं की बसून बसून कंटाळतं अन् जातं." म्हणून खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीनं एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं करायचा. एका केसाला एक पायरी. सुई आत गेली की कांदा चिरायचा, केस सुटून आला की कढईत टाकायचा. आणि बाई प्रत्येक पायरीवर भांडायच्या. "लसूण आधी? आधी लसूण? करपंल की!" त्यांचं भांडण इतकं खरं असायचं की आपणही तावातावानं उत्तर द्यायला लागायचो, आणि तेवढ्यात दोन-चार केस निघून गेलेले असायचे.

युक्ती नामी होती. फक्त मला स्वयंपाक येत नव्हता.

नुसता येत नव्हता असं नाही, येत नाही ह्याचा मला अभिमान होता. माझ्या मायनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. "तू पुस्तक धर, भाकरीचं मी बघते," म्हणायची. त्या भाकरीवर मी एम.एस्सी. झाले. आता त्याच न केलेल्या स्वयंपाकानं माझा सूड घेतला. बाईंच्या खुर्चीत मी दोनदा मरायचे, एकदा सुईनं आणि एकदा फोडणीनं. एकदा धपाटे करताना मी तीळ टाकले, ओवा टाकला, कोथिंबीर टाकली, थापलेही, आणि बाईंनी मशीनच बंद केलं.

"पीठ?"

"काय?"

"पीठ कधी घातलंस गं? थापलंस काय, हवा?"

पडद्यापलीकडून उमरीचा आवाज आला, "बाई, डिग्री रद्द करा ह्यांची."

मी नंतर सुन्न करणारं मलम आणलं. केमिस्ट्री शिकवणारीनं केमिस्ट्रीचा आधार घ्यावा, त्यात लाज कसली? मलम तासभर आधी लावून त्यावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवायची असते. मी गावाहून परत येत होते, लोहा गाव मागं पडल्यावर बसमध्येच ओठ-हनुवटीला लेप दिला, पट्टी लावली, वरून ओढणी. अर्ध्या तासानं मायचा फोन. आणि माझ्या तोंडातून प, फ, ब, म यातलं एकही अक्षर निघेना. ओठाला ओठ लागतोय की नाही तेच कळत नव्हतं. मी 'माय' म्हणायला गेले ते 'आय' झालं, 'बसमध्ये' म्हणायला गेले तर नुसती लाळ गळली.

"अगं, तुझं तोंड वाकडं झालं का?" माय ओरडली. शेजारच्या म्हातारबाबांनाही ऐकू गेलं. ते वाकून माझ्याकडं बघायला लागले आणि मी ओढणी आणखी वर ओढली.

बाईंनी तर ते मलम बघून कपाळावर हात मारला. "यव्वा! तोंडच चालंना तर शिजवणार कशी?" शेवटी तडजोड झाली. हनुवटीला मलम चालेल, वरचा ओठ मोकळा ठेवायचा. आणि वरच्या ओठासाठी बाईंनी मला पदार्थ ठरवून दिला. "हनुवटीला आमटी चालंल. वरच्या ओठाला भज्जीच पायजे."

वरचा ओठ म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखी राहावं. तिथं सुई लागली की डाव्या डोळ्यातून आपोआप पाणी येतं, नाकात मुंग्या येतात आणि शिंक येते. रडत नसतानाही माणूस रडताना दिसतं. भज्जी त्याला उतारा होती, कारण तिच्यात सामान लई. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, घरची सगळी माणसं रानात जेवायला जातात. त्या दिवशीची भज्जी म्हणजे रानात जे जे हिरवं असेल ते एका पातेल्यात. हरभऱ्याचा पाला, मेथी, तुरीचे दाणे, वालाचे दाणे, मटार, ओले शेंगदाणे, गाजर, वांगं, कांद्याची पात, वरून बेसन आणि चिंच. जेवढे दाणे तेवढ्या सुया. मी लहानपणापासून ही भज्जी ताटभर खात आले होते. ती होते कशी, हे मात्र मला ओठ जळताना शिकावं लागणार होतं.

म्हणून मी मायला फोन करायला लागले. दर शनिवारी. माय, येसराच्या आमटीला पाणी कधी टाकतेस? माय, भज्जीत चिंच आधी की बेसन आधी? माय एकेक सांगायची, पण तिचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला. एक दिवस तिनं विचारलंच.

"कोण हाय तो?"

"कोण?"

"ज्याला तू शिजवून घालून राहिलीस, तो. आपल्यातला हाय का न्हाई, तेवढं सांग."

मी हसत सुटले. तेच चुकलं. माझ्या हसण्याचा अर्थ मायनं लावला आणि रविवारी सकाळी डाळी-धान्य भाजून केलेल्या येसर मसाल्याचा डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. खोलीत शिरल्या शिरल्या तिनं दारामागं पुरुषाच्या चपला शोधल्या. नंतर बाथरूममध्ये गेली आणि दाढीचा वस्तरा हातात घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"हा कोणाचा?"

आता तोंडावर बोलणारीची खरी परीक्षा होती. मी म्हणाले, "माझा."

मायला पटेना. शेवटी तिला ऑटोत घालून बाईंकडंच नेलं. मी सलूनच्या खुर्चीत, माय शेजारी स्टुलावर, मांडीवर डबा. बाईंनी दिवा लावला. "आज अहमदपूर येसराची आमटी करणार." मी तेल तापवलं, सुई गेली, जिरं टाकलं, केस आला. दोन पायऱ्यांतच मायला राहवेना. "अगं, लसूण ठेचून घे, चिरतीस काय!" बाई म्हणाल्या, "आमच्या उदगीरकडं चिरूनच घालतात." माय म्हणाली, "मग चव कुठून यायची?" दोघी अशा जुंपल्या की मला मध्ये बोलायला जागाच राहिली नाही, आणि त्या सगळ्या वेळात माझ्या हनुवटीचा डावा कोपरा साफ झाला.

मग मायनं सहज विचारलं, "अक्का, येसर तुम्ही पाण्यात कालवून घालता का कोरडंच?"

बाईंनी भिंग पुसलं. "ते जसे पाव्हणे असतील तसं," म्हणाल्या आणि सुई बदलायला वळल्या.

जिना उतरताना मायची नजर पायऱ्यांवरच होती. मला वाटलं, माझ्या दाढीचं मनाला लागलं. मग म्हणाली, "मला सांगायचं न्हाई का? मलाबी हाय. चिमट्यानं काढते. तुझ्या बापाला अजून पत्ता न्हाई." आणि रस्त्यावर आल्यावर पुढं म्हणाली, "पण ही बाई चुलीपुढं बसलेली न्हाई. बोटं बघितलीस का तिची? एक डाग न्हाई."

"माय, तिचा हात सुईचा आहे. जपत असेल."

"जपून भाकरी होत न्हाई," माय म्हणाली. मी मनात म्हटलं, खेड्यातली बाई, हिला काय कळतं कौशल्याचा हात काय असतो ते. पदवी माणसाला असंही बोलायला लावते.

वरचा ओठ संपला. एक रविवार असा आला की बाईंनी तिथं भिंग फिरवलं आणि म्हणाल्या, "भज्जी झाली." मग हनुवटीची डावी बाजू संपली. उजवीला हात घातला आणि बाईंचा अंगठा अडकायला लागला. वाकला की वाकलेलाच राही, दुसऱ्या हातानं सरळ करावा लागे, तो खटदिशी सुटे आणि बाईंच्या तोंडून बारीकसा "यव्वा" निघे. काही दिवसांनी चिमटाच धरता येईना. खोलीला कुलूप लागलं.

माझी अवस्था बघा. डावीकडून मी क्लासच्या पडद्यावर झकास दिसायचे, उजवीकडून दुपारच्या बॅचचे सर. मी फळ्यापाशी डावीकडूनच उभी राहायला लागले. समीकरणं उलट्या बाजूनं लिहायची कला मला त्या दिवसांत साधली. नांदेडात दुसरीकडं कुठं जायची हिंमत नव्हती. लातूरचे मासे आणि चपला डोळ्यांपुढं यायच्या. माझी उरलेली हनुवटी एका अंगठ्याला टांगली होती.

मी बाईंच्या घरी गेले. अंगठ्याला हळद-तेलाची पट्टी, चेहरा पडलेला. डॉक्टर म्हणाले होते, तळव्यात एक इंजेक्शन दिलं की अंगठा बहुतेक मोकळा होईल. मग अडचण काय?

"इंजेक्शन," बाई म्हणाल्या.

"हो, इंजेक्शन. मग?"

"तळहातात देतात गं. सुई."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. आयुष्यभर लोकांच्या ओठांत सुया घालत आलेली बाई, आणि सुई हा शब्द असा उच्चारून राहिली जसं घरात साप निघालाय. उमरीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हुकूम द्या, गाडीत उचलून नेते." उमरीच्याही एका बाजूच्या मिशा राहिल्या होत्या. मी लोकांना सांगते की मी बाईंना मायेपोटी दवाखान्यात नेलं. खरं कारण माझ्या उजव्या गालाखाली होतं, आणि ते रोज सकाळी वाढत होतं.

समजावून, थोडं रागावून, "तुमचा धंदा बुडंल" असं भेव घालून त्यांना ऑटोत बसवलं. दवाखान्यात त्या माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसल्या. डॉक्टरांनी तळवा पुसला, औषध सुईत भरलं. बाईंनी हात मागं ओढला, पुढं केला, परत मागं ओढला. डॉक्टर म्हणाले, "आजी, हात असा हलला तर मला देता येणार नाही." मग मी तेच केलं जे मला शिकवलेलं होतं.

"हं बाई, आज काय शिजवायचं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे काठोकाठ भरलेले. "मला सैपाक येत न्हाई गं," म्हणाल्या.

"काय?"

"कधी केलाच न्हाई. जाऊ करते." मग आवाज आणखी खाली. "मोहरी अंगावर उडते. भाजतं."

मला मायचा आवाज आठवला. एक डाग न्हाई. म्हणजे ती येसराची आमटी, ते लसणावरचं भांडण, ते धपाट्याचं पीठ, सगळं ह्या बाईनं आमच्याच तोंडून उचललेलं होतं. खुर्चीत कळवळणाऱ्या उदगीर, देगलूर, उमरीकडून थोडं थोडं ऐकून आमच्याशी भांडून राहिली होती. मी हसले असते, पण डॉक्टर सुई धरून उभे होते आणि माझी हनुवटी वाट बघत होती.

"बरं, मी करते," मी म्हणाले. "तुम्ही ऐका. भज्जी. हरभऱ्याचा पाला निवडला."

"धुतला का?" बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"धुतला. मेथी घेतली. तुरीचे दाणे सोलले."

"कोवळे घे."

सुई तळव्यात गेली. बाईंनी ओढणी गच्च ओढली, माझी मान खाली आली. "वालाचे दाणे," मी म्हणाले. "मटार. ओले शेंगदाणे." आणि माझ्या वरच्या ओठाला, जिथं आता एकही केस नव्हता, तिथं मुंग्या आल्या. डावा डोळा वाहायला लागला. गाजर टाकलं आणि नाक चुरचुरलं. वांगं टाकलं, कांद्याची पात टाकली, नाकातून पाणी आलं. बेसनापाशी मला अशी शिंक आली की डॉक्टरांनी हातातलं सगळं सांभाळत एक पाऊल मागं घेतलं. पण तोवर त्यांचं झालं होतं. त्यांनी कापूस उचलला, एकदा बाईंकडं पाहिलं आणि एकदा माझ्या नाका-डोळ्यांकडं.

"तुमच्यात पेशंट कोण?"

"ही," बाई तळवा पदराखाली लपवत म्हणाल्या. "मी सोबतीला आलेय."

चिंच घालायची राहिली होती, ती शिंक आवरत घातली.

दवाखान्यातून बाहेर आलो. समोर भर बाजार. भाजीच्या गाड्या, ऑटो, कपड्यांच्या दुकानांतून डोकावणाऱ्या बाया. मला बाईंचा नियम ठाऊक होता, म्हणून मीच ओढणी सोडवून घेतली आणि दोन पावलं लांब सरकले. बाई एका दिशेला, मी दुसऱ्या. गर्दीत शिरणार तेवढ्यात मागून असा आवाज आला की मेथीची जुडी निवडणाऱ्या दोन बायांनीही माना वळवल्या.

"ए अहमदपूर!"

मी थांबले. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, पट्टी बांधलेला हात वर करून. अंगठा सरळ.

"चिंच लई घातलीस!"

सगळा बाजार माझ्याकडं बघून राहिला होता. ओढणी खांद्यावर होती, उजवी बाजू उघडी. मी तशीच वळले आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले,

"आमच्याकडं आंबटच खातात!"